पुण्यातील दारूचे गुत्ते व दोन थोर विरोधक

दारूच्या गुत्त्याचा इतिहास ज्ञातीच्या वार्षिक अंकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. ज्या व्यसनापायी घरोघरची मिळकत नाहीशी होते, त्याची हकीकत घरोघरी ठाऊक असावी, हेच आमचे उत्तर आहे.

१४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाटातील काम पुरे होऊन पुणे मुंबईशी अखंड जोडले गेले. स्टेशनाच्या एका अंगास लष्कर, दुसऱ्या अंगास शहराच्या पेठा. हमाल, गाडीवान, शिपाई आणि उतारू यांची तेथे सदैव वर्दळ असे. जेथे रोजची रोख मजुरी हाती पडते, तेथे गुत्त्यास गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. त्यातच १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याची व विकण्याची सूत्रे सरकारच्या हाती एकवटली. दारूचा खप हा सरकारी उत्पन्नाचा भाग झाला.

या अनर्थाविरुद्ध महात्मा जोतीराव फुले यांनी प्रथम आवाज उठविला. ते १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढत चालल्याने लोकांचे आरोग्य व नीती बिघडून कुटुंबे धुळीस मिळत आहेत, अशी तक्रार त्यांनी १८८० साली नगरपालिकेस पत्राने कळविली आणि या दुकानांवर कर बसविण्याची सूचना केली.

पुढे १९०८ साली लोकमान्य टिळकांनी मद्यपाननिषेधाची चळवळ हाती घेतली. स्वयंसेवक गुत्त्यांच्या दाराशी उभे राहून गिऱ्हाइकांस परत जाण्याची विनंती करीत. सरकारने या पहाऱ्यास अटकाव केला. त्याच वर्षी २४ जून रोजी, केसरीतील लेखांवरून भरलेल्या राजद्रोहाच्या खटल्यात, लोकमान्यांस अटक झाली. सामाजिक प्रश्नांत या दोघा पुरुषांची मते परस्परविरुद्ध होती. तथापि गुत्त्याच्या बाबतीत दोघांचा निर्णय एकच ठरला, ही गोष्ट आम्हांस विशेष मननीय वाटते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होऊन १९५० साली संपूर्ण बंदी अमलात आली. परंतु चोरून हातभट्ट्या पेटल्या, आणि १९६० नंतरच्या दशकात निर्बंध शिथिल होत गेले. मूळचा कायदा महाराष्ट्राच्या नावाने अद्याप कायम आहे. मद्य पिणाऱ्यास आजही परवाना लागतो, असे त्यात लिहिलेले आहे. तथापि स्टेशनाच्या आसमंतात सायंकाळी फिरून यावे, म्हणजे परमिट रूमच्या दिव्यांखाली त्या कायद्याचा किती धाक उरला आहे ते दिसेल.

तात्पर्य, केवळ कायद्याने हे काम होत नाही. घराने व ज्ञातीने ते अंगावर घेतले पाहिजे. अलीकडे लग्नाच्या वरातींतही मद्य शिरले आहे. निदान आपल्या कार्यांतून तरी ते हद्दपार करावे आणि मजुरी वा पगार प्रथम घरी नेण्याची सवय मुलांस लावावी, अशी सर्व कुटुंबप्रमुखांस व माताभगिनींस आमची नम्र विनंती आहे.