कार्यालयाचे नूतनीकरण : नागपुरात काम केव्हा आणि कसे आखावे?

कार्यालयाचे नूतनीकरण ठरले की पहिली चर्चा रंग, टाइल्स आणि फर्निचरची होते. खर्च मात्र बहुतेकदा फुगतो तो कामाचा क्रम आणि वेळ चुकल्यामुळे. नागपुरात वेळेचे गणित इतर शहरांहून थोडे वेगळे आहे.

याचे मोठे उदाहरण शहरातच दरवर्षी दिसते. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. त्याआधी विधानभवन, रविभवन, नागभवन, आमदार निवास अशा सिव्हिल लाइन्समधील इमारतींची डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभाग हाती घेतो. अधिवेशनाचा दिवस ठरलेला असल्याने कामाचे दिवस उलटे मोजावे लागतात. खासगी कार्यालयानेही हेच करावे. आधी पुन्हा बसण्याची तारीख ठरवावी, मग तिथून मागे यावे : फर्निचर, रंग, फॉल्स सीलिंग, वायरिंग, प्लास्टर आणि सर्वांत आधी तोडफोड.

हंगाम कोणता?

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात नवे प्लास्टर भराभर वाळते आणि तडकते. उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारावे, असे भारतीय मानक सांगते. नेमकी तेव्हाच पाण्याची ओढ असते. पावसाळा जूनच्या मध्याला सुरू होतो, त्यामुळे गच्चीचे वॉटरप्रूफिंग त्याआधी संपवावे. भिंती ओल्या असताना लावलेला रंग पुढे पोपडे धरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, पण त्यात दिवाळी येते, मजूर गावी जातात आणि अधिवेशनाची सरकारी कामेही तेव्हाच निघतात. कंत्राटदाराची माणसे त्या दिवसांत दुसरीकडे अडकणार नाहीत ना, हे आधीच विचारून घेतलेले बरे.

भिंत पाडण्यापूर्वी

जुन्या नागपुरातील अनेक इमारतींत छताचा भार भिंतींवरच असतो. कॉलम-बीमच्या इमारतीत मधली भिंत काढणे तुलनेने सोपे; पण भार पेलणारी भिंत काढली तर वरचा मजलाच धोक्यात येतो. यात मिस्त्रीचा अंदाज पुरेसा नाही, संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे तर महानगरपालिका कायद्यानेच बंधनकारक आहे.

भेगांचेही तसेच. नागपूर परिसरात अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तशा भिंतींतील भेगाही कमी-जास्त होतात. अशा भेगेत पुट्टी भरून रंग दिला तर वर्षभरात ती पुन्हा दिसते. भेगेवर आडवी खूण करून, तारीख टाकून काही महिने पाहावे. ती वाढत असेल तर आधी पाया आणि इमारतीभोवतीच्या पाण्याचा निचरा तपासावा. हा खर्च कोणालाच आवडत नाही, पण नव्या पार्टिशनपेक्षा तो जास्त गरजेचा असतो.

रंग, प्लास्टर, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा महापालिकेची परवानगी लागत नाही. वापर बदलणे, बांधकाम वाढवणे किंवा रचनेला हात लावणे यासाठी मात्र लागते. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमतीही हवी.

कूलरकडून एसीकडे

खिडकीतले कूलर काढून एसी बसवायचे असतील तर आधी वीजभार मोजावा. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅट घेतो. दहा एसी म्हणजे १५ किलोवॅट. मंजूर भार वाढवण्यासाठी महावितरणकडे अर्ज, कधी नवे मीटर आणि जाड केबल लागते. हे काम फॉल्स सीलिंगच्या आधीचे, नाहीतर नवे छत पुन्हा उघडावे लागते. वरचा मजला असेल तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप द्यावा, एसीचा बराच ताण वाचतो.

आगीचा विचार शेवटी करून चालत नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयातील आगीत पाच जणांचा जीव गेला आणि असंख्य फायली जळाल्या. नव्या आराखड्यात दुसरी बाहेर पडण्याची वाट पार्टिशनने किंवा कपाटांनी अडत नाही ना, हे कागदावरच पाहावे. ज्या इमारतींना अग्निसुरक्षा कायदा लागू आहे, त्यांना यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. काम चालू असताना महत्त्वाचे कागद दुसऱ्या जागी हलवावेत. प्लास्टरची धूळ संगणकांनाही सोसत नाही.

पैसे आणि करार

कोटेशन एकरकमी न घेता मोजमापानुसार घ्यावे : किती चौरस फूट प्लास्टर, किती पॉइंट वायरिंग, प्लायवूड कोणत्या प्रतीचे. तरच तीन कंत्राटदारांचे दर शेजारी ठेवून पाहता येतात. जुनी भिंत उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, म्हणून दहा टक्के रक्कम राखून ठेवावी. हप्ते तारखेवर नव्हे, कामाच्या टप्प्यावर द्यावेत. मलबा कोण उचलणार आणि कुठे टाकणार, हेही करारात लिहावे. रस्त्याकडेला पडलेल्या ढिगाबद्दल महापालिका दंड करू शकते. शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटून गळती तपासल्यावर देण्याची अट घालता आली तर उत्तम; कंत्राटदार त्याला सहज तयार होत नाहीत, पण निदान पाच टक्क्यांसाठी आग्रह धरावा.