यॉर्कचे मत

नोव्हेंबर १८०५. लुईस व क्लार्क यांची मोहीम अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाशी पोहोचली, तेव्हा संततधारेने चामडी कपडे अंगावरच कुजले होते. हिवाळा कुठे काढावा? २४ तारखेला प्रत्येकाचे मत नोंदवले गेले. शोशोनी स्त्री साकाजाविया आणि क्लार्कचा गुलाम यॉर्क यांचेही. दक्षिण तीर ठरला: तिथे एल्क हरणे मुबलक असल्याचे स्थानिकांनी सांगितले होते, मिठासाठी समुद्रही जवळ होता. आजच्या अ‍ॅस्टोरिया शहराजवळ फोर्ट क्लॅटसॉप उभा राहिला. मार्च १८०६ पर्यंतच्या मुक्कामात पावसाविना गेलेले दिवस अवघे १२.

परतल्यावर सैनिकांना दुप्पट वेतन व जमीन मिळाली. यॉर्कला काहीच नाही. त्याने स्वातंत्र्य मागितले. क्लार्कने ते नाकारले.