मुंबई इलाख्यांतील शाळेची भाषा आणि धारवाडचा कानडी विद्यार्थी

धारवाड-बेळगांवकडील जुनीं दप्तरें ज्यांनीं हाताळलीं आहेत त्यांस हा अनुभव नवा नाहीं. कागद मोडी, भाषा मराठी, हिशेबाची मांडणी मराठी. आणि खालीं साक्ष घालणारा गौड किंवा शेट्टी मात्र अस्सल कानडी. आपण संग्राहक मंडळी असा कागद हातीं आला म्हणजे त्यांतील सन, शिक्का व नांवनिशी पाहतों आणि पुढें जातों. ज्याच्या घरीं मराठीचा शब्द बोलला जात नसे अशा मनुष्याच्या मुलानें ही भाषा कोठें व कशी शिकावी, हा प्रश्न आपल्यास क्वचितच सुचतो. मलाही तो फार उशिरां सुचला. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाविषयीं आहे.

दक्षिणेंत दप्तराची भाषा एक व प्रजेची दुसरी, ही स्थिति इंग्रजी अमलाच्या बरीच आधींची आहे. फेरिस्त्याच्या लेखनावरून इब्राहिम आदिलशहा पहिला (१५३४–१५५८) यानें सरकारी हिशेब फारशींतून काढून हिंदवींत आणविला व तें काम ब्राह्मणांच्या हातीं दिलें. ही हिंदवी म्हणजे मराठीच, असें आपण धरून चालतों. कृष्णेच्या उत्तरेस तें खरें असेल. दक्षिणेस ती सर्वत्र मराठीच होती असें मानण्यास मी तयार नाहीं. पुढें पेशवाईंत मात्र त्या प्रांताच्या वसुलाचें काम मराठींत व मोडींत रुळलें यांत शंका नाहीं. १८१७-१८ च्या युद्धांत टॉमस मन्रो यानें हा मुलूख घेतला, तेव्हां इंग्रजांस मिळालें तें मराठी दप्तर व तें चालविणारे मराठी कारकून. त्यांनीं प्रांताचें नांवही त्यावरूनच ठेविलें : दक्षिण मराठा मुलूख. हें नांव राज्यकर्त्यांवरून पडलें होतें, रयतेच्या बोलीवरून नव्हे. परंतु नांव एकदां नकाशावर चढलें म्हणजे तेंच पुरावा होऊन बसतें, हें इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

आतां शाळांकडे वळूं. जुन्या पंतोजीच्या शाळेचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. धुळाक्षरें, पाढे, पावकी-निमकी, मोडी वळण आणि छडी, एवढीच तिची सामग्री. तिच्यांत 'ओनामासीधं' म्हणून मुलगा अक्षरास हात घाली. हें मूळचें 'ओं नमः सिद्धम्', हें संस्कृतज्ञांस ठाऊक आहे. तेंच आंध्रांत गेलें आणि तेलुगूंत वर्णमालेसच 'ओनमालु' हें नांव पडलें. कृष्णेच्या अलीकडे व पलीकडे मुलाच्या तोंडीं पहिलीं अक्षरें एकाच मंत्रानें येत, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या शाळेस राष्ट्र घडवावयाचें नव्हतें. बापास खतपत्र व व्याज समजेल असा मुलगा हवा होता, तेवढा ती देई.

भाषेचा वाद उत्पन्न झाला तो सरकार शाळा चालवूं लागल्यावर. १८२२ सालीं मुंबईंत शाळापुस्तकांसाठीं मंडळी निघाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं गणिताचीं पुस्तकें जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्यानें मराठींत आणिलीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'बाळमित्र' व 'इसपनीति' याच प्रयत्नांतील. १८२९ सालीं पंडितांचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला व १८३१ सालीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण आलें. ही सर्व कामगिरी थोर आहे, व तिची थोरवी मी कमी करूं इच्छीत नाहीं. तथापि तिनें एक मराठी शिष्ट ठरविली, आणि ती बहुतांशीं पुण्याच्या शास्त्र्यांची होती. कोंकणांतल्या किंवा वऱ्हाडांतल्या मुलास शाळेची मराठी वेगळी शिकावी लागे. लिपीचेंही तसेंच झालें. कॅरे यांनीं श्रीरामपुरास १८१० सालीं मराठी कोश मोडी ठशांत छापला होता. पण पुढें छापण्याची लिपि बालबोध ठरली व मोडी हातानें लिहिण्यापुरती उरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेंतूनही गेली. आज आपल्या संग्रहांतील कागद वाचणारीं माणसें दुर्मिळ झालीं आहेत, त्याचें मूळ या निवडींत आहे.

१८४० सालीं शिक्षणाचें काम सरकारनें नेमलेल्या बोर्डाकडे आलें. त्यांत जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा असे तीन एतद्देशीय सभासद होते. एक मराठी, एक गुजराथी बोलणारा पारशी व एक कोंकणी मुसलमान. मुंबई शहराचें प्रतिबिंबच तें. १८४३ पासून अध्यक्ष सर अर्स्किन पेरी. पेरी यांचें म्हणणें असें कीं, पैसा थोडा आहे, देशभाषांत ग्रंथ नाहींत, तेव्हां वरिष्ठ वर्गास इंग्रजींतून चांगलें शिकवावें. तें ज्ञान हळूहळू खालीं झिरपेल. जर्व्हिस यांनीं १८४७ सालीं याविरुद्ध टिपण लिहिलें. लोकांस ज्ञान द्यावयाचें तर तें लोकांच्या भाषेंतूनच दिलें पाहिजे, हा त्यांचा पक्ष. तिघेही एतद्देशीय सभासद जर्व्हिसांच्या बाजूस उभे राहिले, व शंकरशेटांनीं त्याच वर्षीं स्वतंत्र टिपण करून देशभाषांचा कैवार घेतला. बोर्डांत असा तट पडल्यामुळें प्रकरण सरकारकडे गेलें. १८४८ च्या एप्रिलांत जो निकाल आला तो सरकारी निकाल जसा असावा तसाच होता. दोन्ही पक्षांस तो आपल्या बाजूचा वाचतां येई, आणि पेरी यांनीं तो आपल्या बाजूचा वाचला.

येथें एक गोष्ट सहज आठवते. ज्या शंकरशेटांनीं देशभाषेसाठीं बोर्डांत तंटा केला, त्यांचें नांव पुढें शाळेच्या मुलांस माहीत राहिलें तें मॅट्रिक परीक्षेंतील संस्कृताच्या शिष्यवृत्तीमुळें. माझ्या पिढींतील संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकानें ती शिष्यवृत्ति मनांतल्या मनांत एकदां तरी मिळविली आहे.

हा वाद आपण नेहमीं इंग्रजी विरुद्ध मराठी असा सांगतों, व मराठीची बाजू न्यायाची होती म्हणून अभिमान बाळगतों. अभिमान योग्यच आहे. परंतु 'देशभाषा' म्हणजे कोणती, हा प्रश्न त्यांत दडून राहिला. इलाख्यांत मराठी, गुजराथी व कानडी या भाषा होत्या; १८४७ सालीं सिंध जोडला गेल्यावर सिंधीही आली, व तिला लिपि कोणती द्यावी यावर कॅप्टन स्टॅक देवनागरीच्या व बर्टन अरबीच्या बाजूनें भांडले; १८५३ सालीं ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपि ठरली. आणि ज्या पेरी यांस आपण देशभाषांचे विरोधक म्हणतों त्यांनींच १८५३ सालीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत हिंदुस्थानांतील मुख्य भाषांच्या सीमांवर निबंध लिहिला. त्यांत इंग्रजी ही सर्वांची दुवाभाषा व्हावी हा त्यांचा हेतु उघड आहे. पण मराठी कोठें संपते व कानडी कोठें सुरू होते हें पाहण्याची तसदी त्यांनीं घेतली, एवढें त्यांच्या पदरांत घातलेंच पाहिजे. आमच्या बाजूच्या किती जणांनीं ती घेतली होती?

कारण धारवाड प्रांतांत तेव्हां व्यवहार असा होता कीं, दप्तर मराठी म्हणून कारकून मराठी, कारकून मराठी म्हणून शाळा मराठी, आणि शाळा मराठी म्हणून चार अक्षरें शिकलेला कानडी मुलगाही मराठींतच लिही. जर्व्हिस व शंकरशेट यांनीं इंग्रजीविरुद्ध जी जी कोटी केली ती अक्षरशः येथें मराठीविरुद्ध लागू होती. घरच्या भाषेवांचून ज्ञान जिरत नाहीं, हें म्हणणारे आम्हींच. आणि हुबळीच्या बाजारांत राहणाऱ्या पोरास परक्या भाषेंत पाढे म्हणावयास लावणारेही आम्हींच. याविरुद्ध प्रथम बोलणाऱ्यांत वॉल्टर इलियट हा इंग्रज अधिकारी होता. १८२४ सालच्या कित्तूरच्या बंडांत कैदेंत पडलेला व पुढें कानडी शिलालेखांच्या नकला जमविणारा तोच हा इलियट. ज्यानें दगडावरची कानडी वाचली त्यासच शाळेंत ती नसल्याचें खटकलें, हें संशोधकांनीं ध्यानांत घ्यावें.

पुढचें काम कानडी लोकांनीं स्वतः केलें. १८५५ सालीं शिक्षणखातें निघाल्यावर त्यांत शिरलेले चन्नबसप्पा (१८३४–१८८१), ज्यांस कर्नाटकांत आजही 'डेप्युटी चन्नबसप्पा' म्हणतात, त्यांनीं कानडी शाळा व कानडी शिक्षक यांसाठीं आयुष्य वेंचलें. १८७१ सालीं त्यांनीं शेक्सपिअरच्या एका सुखांत नाटकाचें कानडी रूपांतरही प्रसिद्ध केलें. १८९० सालीं धारवाडास रा. ह. देशपांडे यांनीं कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापिला. संस्थापकाचें आडनांवच पाहा. वतनाचें नांव मराठी दप्तरांतलें, आणि कार्य कानडीचें. त्या संघाच्या कामांत पुढें पडलेले आलूर वेंकटराव पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत शिकले होते. तेथें मराठ्यांच्या इतिहासाचें चाललेलें संशोधन व अभिमान त्यांनीं जवळून पाहिला आणि १९१७ सालीं 'कर्नाटक गतवैभव' लिहिलें. पुण्यानें त्यांस मराठी केलें नाहीं. कानडी कसें व्हावें हें शिकविलें.

याची उलट बाजूही आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे (१८९६–१९८१) मराठी घरांतले. धारवाडांत वाढले व कानडीचे महाकवि झाले. मराठींतही त्यांनीं लिहिलें. शंकर बाळ जोशी, ज्यांस सर्व जण शंबा म्हणतात, हे व्यवसायानें शाळामास्तर. घरची भाषा मराठी, लेखनाची मुख्यतः कानडी. आणि १९५२ सालीं 'मऱ्हाटी संस्कृति' हा ग्रंथ मराठींत लिहून त्यांनीं महाराष्ट्राच्या पायाखालचे कानडी थर उकरून दाखविले. त्यांचीं सगळीं अनुमानें मला पटत नाहींत. व्युत्पत्तीच्या बाबतींत ते कधीं कधीं फार लांब उडी घेतात. पण आपण 'अक्का' व 'अण्णा' म्हणतों, 'तूप' खातों व सुपारी 'अडकित्त्यानें' कातरतों, तेव्हां कानडी आपल्या स्वयंपाकघरांत व पानदानांत बसलेली असते, हें नाकारतां येत नाहीं.

आतां स्वतःची एक गोष्ट सांगतों. नोकरीच्या आरंभीं कांहीं वर्षें मी सीमेवरच्या एका गांवीं मराठी शाळेंत होतों. वर्गांत एक मुलगा असा होता कीं, शुद्धलेखनांत त्याची चूक सांपडत नसे, पण उभा करून विचारलें तर तोंडांतून शब्द निघत नसे. मीं त्यास मंद ठरविलें. त्याच्या प्रगतिपुस्तकांतही तसें लिहिलें. एके दिवशीं मधल्या सुट्टींत विहिरीपाशीं तो चार पोरांस कानडींत एक लांब कथा सांगत होता. हातवारे, निरनिराळे आवाज, मध्येंच गाणें. पोरें हलेनात. मला सर्व समजलें नाहीं, परंतु मंद कोण होता तें समजलें. प्रगतिपुस्तक तोंवर घरीं जाऊन बापाचा अंगठा उमटवून परत आलें होतें. त्यानें तें कोणाकडून वाचून घेतलें असेल, याचा विचार मीं पुष्कळदां केला आहे.

१९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेनें धारवाड व बेळगांव म्हैसूर राज्यांत गेले. बेळगांवचा वाद महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानेंही मिटला नाहीं. महाराष्ट्रानें २००४ सालीं तो सर्वोच्च न्यायालयांत नेला. त्यांत या लेखास पडावयाचें नाहीं. मात्र त्याच १९५६ सालीं घटनेंत ३५० अ हें कलम आलें, व भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी असा निर्देश राज्यांस मिळाला. जर्व्हिस-शंकरशेटांचें म्हणणें असें एकशें नऊ वर्षांनीं कायद्यांत उतरलें. आतां बेळगांवांतील मराठी मुलासाठीं आपण त्या कलमाचा आधार मागतों, आणि सोलापूर-अक्कलकोटाकडील कानडी मुलासाठीं तोच आधार दुसरे मागतात. दोघांचें मागणें शब्दशः एकच आहे.

संग्राहकांस एक विनंति. देसायांचे वाडे मोडतात तेव्हां आपण सनदा व महजर उचलतों, आणि पोरांचे खर्डे, उजळणीच्या वह्या, पाटीवरचे हिशेब उतरून घेतलेले कागद रद्दींत जाऊं देतों. वरील प्रश्नाचा खरा पुरावा त्यांतच आहे. माझ्यापाशीं असा एकच कागद आहे. एका बाजूस मोडींत 'श्री', त्याखालीं औटकी; तीहि अर्ध्यावर सोडलेली. पाठीमागें तोच कागद उलटा धरून कानडी वर्णमाला काढली आहे. नांव नाहीं, मिती नाहीं. शाई व बोरूची जाडी दोन्हीं बाजूंस सारखी असल्यामुळें लिहिणारा एकच असावा. कानडी बाजूचीं अक्षरें अधिक मोठीं व मोकळीं आहेत.