नगरचा चहा आणि आपण

भगिनींनो, चहा हे आपल्याकडचे फार जुने पेय नव्हे. आसामातील चहाच्या झाडांकडे इंग्रजांचे लक्ष गेले ते १८२३ साली. महाराष्ट्रात तर त्याने सोवळ्याओवळ्याचा मोठा वाद माजवला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानाला गेल्याबद्दल लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यावर प्रायश्चित्ताची वेळ आली.

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यालाही चहाचा इतिहास आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू, मौलाना आझाद प्रभृती नेत्यांना तेथे स्थानबद्ध केले. मौलाना पहाटेच उठून स्वहस्ते चिनी चहा करीत, तोही दुधावाचून. तेथे लिहिलेली त्यांची पत्रे १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. दुधाचा चहा त्यांना मुळीच मान्य नव्हता.

मौलानांविषयी पूर्ण आदर राखून मी म्हणेन की, आपला मसाल्याचा चहा हा आपल्या काढ्याचा धाकटा भाऊ आहे. सुंठ, मिरे, तुळस, गवती चहा हे सर्दीपडशाचे घरगुती औषध. त्यात पत्ती आणि दूध पडले. गोडीला गूळ होताच. पुढे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

कृती सोपी आहे. दोन कप पाण्याच्या आधणात ठेचलेले आले, गवती चहाची दोन पाती व दोन वेलदोडे चांगले उकळावेत. कच्चे आले दुधात पडल्यास दूध फाटण्याची भीती असते. मग पत्ती व दोन कप तापवलेले दूध घालावे. गूळ मात्र भांडे खाली उतरवल्यावरच घालावा.

माझ्या आजीच्या घरी पहिला चहा पुरुषांचा असे. गाळण्यातील चोथ्यावर पुन्हा पाणी घालून उकळलेला चहा बायका चुलीशी बसून घेत. सक्ती कोणाची नव्हती. रीतच तशी होती. मोठ्यांच्या पेल्याचा इतिहास लिहिला गेला, या चोथ्याच्या चहाचा कोणी लिहिला नाही. महिला मंडळे निघाली, तेव्हा अनेकींना ताजा, भरला कप स्वस्थ बसून घेता आला.

तरीही आपल्याकडे चहा करणारी भगिनी अजून शेवटीच घेते. या वर्धापनदिनापासून पहिला कप तिला द्यावा, अशी माझी सूचना आहे.