विमानावरील तांबडा ठिपका

आमच्या सायखेड्याहून ओझर फार दूर नाहीं. तेथील कारखान्यांत घडलेल्या लढाऊ विमानांवरील केशरी, पांढरें व हिरवें वर्तुळ पाहिलें, कीं मला एका पुसलेल्या रंगाची आठवण होते.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाच्या मध्यभागीं तांबडा ठिपका असे. हिंदी वैमानिकही तेंच चिन्ह वागवीत. परंतु जपानी विमानांवर तर तांबडें सूर्यबिंबच! निमिषार्धांत गोळी झाडावयाची, तेथें वर्तुळ निरखावयास सवड कोठची? आपल्याच गोळीनें आपलाच माणूस पडावयाचा. म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तांबडा रंग पुसून गडद व फिकट असे दोन निळे रंगच ठेवण्यांत आले.

१९४४ सालीं इंफाळच्या वेढ्यांत अर्जन सिंग यांच्या पहिल्या स्क्वाड्रनचीं हरिकेन विमानें हींच निळीं वर्तुळें घेऊन झुंजलीं. मुंबईस जन्मलेले हृषीकेश मुळगांवकर हेही ब्रह्मदेशच्या युद्धांत उडाले. १९७६ सालीं ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

शत्रूहून वेगळें दिसण्यासाठीं रंग पुसणें एका हुकुमाचें काम होतें. स्वतःचा रंग ल्यावयास मात्र या शूरांना स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली, हें आपण विसरूं नये.