मीटर आणि अंदाज : अमेरिकी घरांच्या ऊर्जा-अनुदानांची पन्नास वर्षं

१८ एप्रिल १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर टीव्हीवरून देशाशी बोलले. ऊर्जेचा प्रश्न युद्धाइतकाच गंभीर माना, असा भाषणाचा सूर होता. १९८५पर्यंत काय काय साधायचं याची यादीही त्यांनी वाचून दाखवली. तेलाची आयात कमी करायची, पेट्रोलचा वापर घटवायचा, आणि देशातल्या ९० टक्के घरांना इन्शुलेशन करायचं. छपराखाली काचतंतूंची गादी अंथरणं हे काम असं थेट राष्ट्रीय सुरक्षेच्या पंगतीत येऊन बसलं.

त्याला कारण होतं. १९७३च्या तेलसंकटापर्यंत अमेरिकेत घरं बांधताना इंधन जवळजवळ फुकट असल्यासारखा विचार व्हायचा. भिंती पातळ, खिडक्या एकेरी काचेच्या, फटींकडे कोणाचं लक्ष नाही. तेल महागलं तेव्हा पहिला फटका गरिबांना बसला. मेन राज्यात हिवाळा कडक, आणि घरं तापवायला तेलच लागायचं. तिथल्या स्थानिक संस्थांनी गरिबांच्या खिडक्यांना प्लास्टिक लावणं, फटी बुजवणं असली कामं सुरू केली. १९७६मध्ये त्याच धर्तीवर ‘वेदरायझेशन’ची केंद्रीय योजना आली. गरीब कुटुंबांच्या घरांची डागडुजी सरकारी खर्चाने करायची ही योजना आजही चालू आहे.

मध्यमवर्गासाठी १९७८मध्ये दोन कायदे झाले. पहिल्याने करसवलत दिली : इन्शुलेशन वगैरेंवरच्या पहिल्या २,००० डॉलर खर्चाचे १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर, करातून वजा. दुसऱ्याने मोठ्या वीज आणि गॅस कंपन्यांवर ग्राहकांच्या घराचं ‘एनर्जी ऑडिट’ करून देण्याची सक्ती केली. त्यासाठी ग्राहकाकडून १५ डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. तपासनीस येणार, घर पाहणार, कशावर किती खर्च येईल आणि किती वर्षांत वसूल होईल याचा कागद देऊन जाणार.

या दोन कायद्यांमागे दोन गृहीतकं होती. एक, लोकांना माहिती नाही म्हणून ते काही करत नाहीत. तेव्हा माहिती द्या. दोन, सुरुवातीचा खर्च परवडत नाही. तेव्हा थोडे पैसे द्या. तिसरंही एक गृहीतक होतं, पण ते कोणी बोलून दाखवलं नाही : कुठल्या कामाने किती ऊर्जा वाचेल हे तज्ज्ञांना ठाऊक आहे.

या तिसऱ्या गृहीतकाला पहिला तडा न्यू जर्सीत गेला. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलो यांच्या गटाने जवळच्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत काही वर्षं मोजमापं केली. मी राहतो तिथून ती गाडीने वीस मिनिटांवर आहे. एकाला एक चिकटलेली, एकाच नकाशाची घरं. आकार सारखा, हवा सारखी, शेगडी सारखी. तरी एका घराचा गॅस दुसऱ्याच्या दुप्पट. घरातली माणसं बदलली की त्याच घराचा खपही बदलायचा. वापर भिंतींइतकाच राहणाऱ्यांवर अवलंबून होता.

त्याहून मोठा धक्का माळ्यावर होता. जान बेया, गौतम दत्त आणि थॉमस वोटेकी यांना दिसलं की छपराखालच्या माळ्यातून निसटणारी उष्णता पुस्तकी हिशेबाच्या कितीतरी पट आहे. इन्शुलेशन तर जागेवर होतं. मग ऊब जात होती कुठून? दोन घरांमधल्या सामाईक भिंती पोकळ ठोकळ्यांच्या होत्या. तळघरातली गरम हवा त्या पोकळ्यांतून आणि धुराड्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून सरळ वर चढत होती, इन्शुलेशनला वळसा घालून. ही गळती कुठल्याही सूत्रात नव्हती, कारण सूत्र लिहिणाऱ्यांनी माळ्यावर चढून पाहिलं नव्हतं.

यातूनच ‘हाउस डॉक्टर’ ही कल्पना रुजली. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचायची, की प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येताना पकडता येते. याला ब्लोअर डोअर म्हणतात. सोबत उष्णता दाखवणारा कॅमेरा. आणि मुख्य म्हणजे, सापडलेली फट त्याच भेटीत बुजवायची. डॉक्टरने नुसतं निदान लिहून निघून जायचं नाही, जखम तिथेच शिवायची.

सरकारी ऑडिट नेमकं निदान लिहून निघून जात होतं. कागद हातात पडल्यावर ठेकेदार शोधा, तीन जणांकडून दर मागवा, कर्ज काढा, सुट्टी टाका, हे सगळं घरमालकाच्या गळ्यात. वर्षाकाठी पात्र घरांपैकी जेमतेम काही टक्के लोकांनीच ऑडिट करून घेतलं. करसवलत १९८५च्या अखेरीस संपली आणि ऑडिटची सक्तीही दशक सरताना गेली.

लोकांना हे नकोच होतं, असा निष्कर्ष कोणी काढला असता तर त्याला उत्तर ऑरेगनमधल्या हूड रिव्हर इथे तयार होतं. १९८३पासून तिथे बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी वीजसंस्थेने सुमारे दोन कोटी डॉलर लावून प्रयोग केला. विजेवर तापणाऱ्या प्रत्येक घराला जवळजवळ सगळं काम फुकट करून द्यायचं. गावातल्या लोकांना सोबत घेतलं, ठेकेदार योजनेनेच नेमले, काम झाल्यावर तपासलं. पात्र घरांपैकी सुमारे ८५ टक्के घरांमध्ये काम झालं. तेच अमेरिकी लोक आणि तेच दशक. फरक एवढाच की घरमालकाने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

पण मीटरने इथेही सर्वांना जमिनीवर आणलं. वीज वाचली ती अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी. दर वाढले म्हणून लोक आधीच काटकसर करत होते, खोल्या थंड ठेवत होते, चुलीत लाकडं जाळत होते. जी वीज ते वापरतच नव्हते ती वाचणार कुठून?

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे या इतिहासात मला सगळ्यात भावतं ते प्रिन्स्टनच्या मार्गारेट फेल्स यांचं काम. कामाआधीची आणि नंतरची बिलं घ्यायची, बाहेर किती थंडी होती त्याचा हिशेब वजा करायचा आणि उरलेला फरक पाहायचा. ‘प्रिझम’ नावाची ही पद्धत १९८६मध्ये तपशिलाने प्रसिद्ध झाली. गणित म्हणाल तर साधं रिग्रेशन, लॅपटॉपवर क्षणात होईल. तेव्हापासून अंदाज पडताळायचं साधन सर्वांच्या हाताशी आहे. तरी पुढची कितीतरी वर्षं अनुदानं अंदाजांवरच वाटली गेली. आमच्या धंद्यात कोड चालला की नाही हे लॉग बघून ठरतं. इथे लॉग दर महिन्याला टपालाने घरी येत होता आणि ड्रॉवरमध्ये पडत होता.

२०१८मध्ये मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वोल्फ्रॅम या अर्थशास्त्रज्ञांनी मिशिगनमधल्या सुमारे ३०,००० कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेदरायझेशनचा खर्च मिळालेल्या बचतीच्या साधारण दुप्पट निघाला आणि संगणकी मॉडेलचा अंदाज प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून जास्त. तितकाच बोलका आकडा वेगळा होता. काम पूर्ण फुकट, घरी जाऊन, फोन करकरून विनवण्या, अर्ज भरायला मदत. तरी पोहोचलेल्या कुटुंबांपैकी फक्त सुमारे ६ टक्क्यांनी काम करून घेतलं. उत्पन्नाचे पुरावे, बिलांच्या प्रती, ऑडिटची वेळ, मग कामाची वेळ. तासाच्या मजुरीवर जगणाऱ्याला ‘फुकट’ची किंमत दांड्यांमध्ये मोजावी लागते. आपल्याकडे तहसील कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

या अभ्यासाचा आधार घेऊन अनुदानंच बंद करा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आधी कुडकुडणारं घर नंतर उबदार झालं, तर मीटर ते बचत म्हणून नोंदवत नाही. पण त्या घरातल्या म्हातारीच्या दृष्टीने योजना यशस्वीच झाली. मात्र मग तसं म्हणावं : हा आरोग्याचा आणि घरदुरुस्तीचा खर्च आहे. बचतीचे फुगवलेले आकडे दाखवून पैसे मागितले, की दहा वर्षांनी कोणीतरी मीटर वाचतो आणि चांगल्या कामाचीही बदनामी होते.

ऑगस्ट २०२२च्या कायद्याने ही गाडी पुन्हा जोरात सुरू केली. खर्चाच्या ३० टक्के करसवलत, वर्षाला १,२०० डॉलरपर्यंत, हीट पंपासाठी २,०००, ऑडिटसाठी १५०. शिवाय राज्यांमार्फत रिबेट द्यायला ८.८ अब्ज डॉलर. या रिबेटच्या एका भागात जुना वाद चक्क कलम बनून आला : पैसे मॉडेलच्या अंदाजावर घ्या किंवा प्रत्यक्ष मोजलेल्या बचतीवर. अंदाजाचा रस्ता धरला तर मॉडेल घराच्या खऱ्या बिलांशी जुळवून घेतलेलं हवं. प्रिन्स्टनच्या लोकांचं म्हणणं कायद्यात उतरायला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

करसवलतीचं आयुष्य मात्र त्या मानाने तोकडं ठरलं. जुलै २०२५च्या नव्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ला संपवली. त्या डिसेंबरात इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हीट पंप बसवणाऱ्यांचे नंबर फिरत होते. ज्यांचं स्वतःचं घर होतं, पगार चांगला होता, कर भरपूर भरत होते, त्यांना फायदा झाला. माझ्यासारख्या भाडेकरूला यात फारसं काही नव्हतं. खिडक्या घरमालकाच्या, बिल माझं. खिडकी बदलायची गरज त्याला वाटत नाही आणि अधिकार मला नाही. याची चर्चाही सत्तरच्या दशकापासून चालू आहे.

पन्नास वर्षांत टक्के बदलले, कमाल मर्यादा बदलल्या, राष्ट्राध्यक्ष बदलले. टिकाऊ शिकवण तीन ठिकाणी मिळाली. ट्विन रिव्हर्सने सांगितलं की माळ्यावर चढून बघा. हूड रिव्हरने सांगितलं की अर्ज वाटू नका, काम घेऊन दारात जा. मिशिगनने सांगितलं की नंतर बिल वाचा. पुढचं अनुदान कधीतरी येईलच, कारण पुढचं तेलसंकटही येईल. ते आलं की किती टक्के मिळणार हे लोक पहिल्यांदा विचारतील. मी आधी विचारीन की काम कोण करून देणार आणि वर्षभराने मीटर कोण वाचणार.