नंबर लागेपर्यंत : प्रस्तावना

रुग्णालय जवळ असणे वेगळे आणि तिथवर जाता येणे वेगळे, हे पुण्याच्या खराडीत जितके लख्ख दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसत असेल. मेळघाटात किंवा भामरागडात कोणी उपचाराला पोचले नाही तर आपण किलोमीटर मोजतो, आणि तिथे ते बरोबरही असते. खराडीत ती सबब चालत नाही. नगर रस्ता, चंदननगर, मुंढव्याकडे जाणारा बायपास एवढ्याशा टापूत प्रसूतिगृहापासून अतिदक्षता विभागापर्यंत सगळे आहे. कोलंबिया एशिया म्हणून लोकांच्या ओळखीचे झालेले आणि आता मणिपालच्या नावाने चालणारे मोठे रुग्णालय आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत, रक्ताचा नमुना घ्यायला घरी येणारी माणसे आहेत. तरीही बाराव्या मजल्यावरच्या, भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाणाऱ्या आजींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे हा घरातल्या चार माणसांचा आठवडाभर चाललेला बेत असतो. तो दोनदा पुढे ढकलला गेला की मग कोणी विषयच काढत नाही. अशक्त वृद्धांच्या रुग्णालयापर्यंतच्या वाटेचे हे अभ्यासक्षेत्र त्या पुढे ढकलण्याचे आहे.

या विषयाकडे माणसे नाना वाटांनी येतात. कोणी वृद्धांच्या आजारांचे शिक्षण घेणारा डॉक्टर असतो, कोणी वास्तुरचनेची विद्यार्थिनी, कोणी रांगांचे गणित मांडणारा, कोणी समाजकार्याच्या पदवीसाठी क्षेत्रकार्याला आलेला. पुष्कळ जण तर आईवडिलांना घेऊन ओपीडीच्या बाकावर बसून आलेले असतात आणि तिथे जे पाहिले ते त्यांना सोडत नाही. सगळ्यांचे स्वागत आहे. येताना फक्त आपापल्या शाखेचे तयार उत्तर घेऊन येऊ नये. वास्तुरचनाकाराला रॅम्प दिसतो, संगणकवाल्याला ॲप दिसते, डॉक्टरला वेळ न पाळणारा रुग्ण दिसतो. रॅम्पचेच पाहा. बारा फुटांत एक फूट चढ, हे प्रमाण मोजायला सोपे, म्हणून तपासणीच्या तक्त्यांत रॅम्पला पहिला मान. बाकाची उंची किती, त्याला हात टेकायला दांडा आहे का, हे त्या तक्त्यांत क्वचितच असते. आणि गुडघे गेलेल्या माणसाचा सगळा दिवस त्या दांड्यावर अवलंबून असतो.

आधी अशक्तपणाविषयी, कारण वय आणि अशक्तपणा यांची गल्लत इथे सगळ्यांत महाग पडते. 2001 मध्ये लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच हजारांवर वृद्धांच्या माहितीवरून पाच खुणा मांडल्या: आपोआप घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांतल्या तीन किंवा अधिक असल्या तर व्यक्ती अशक्त, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर. चार वर्षांनी केनेथ रॉकवुड यांनी कॅनडातून नुसत्या निरीक्षणावर चालणारी सात पायऱ्यांची मोजपट्टी दिली; आता ती नऊ पायऱ्यांची आहे. याहून साधी चाचणी 1991 पासून वापरात आहे. खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, आणि लागलेले सेकंद मोजायचे. बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. ही चाचणी घ्यायला खुर्ची आणि घड्याळ पुरते. तरीही केस पेपरवर वय लिहायला रकाना असतो, चालीला नसतो.

वय आणि अशक्तपणा यांची ही गल्लत कायद्यातही उतरली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या 2007 च्या कायद्याचे विसावे कलम शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद करते. हेतू चांगला आहे. पण साठीचा, सकाळी टेकडी चढून आलेला गृहस्थ आणि नव्वदीच्या, बसल्या जागी डुलकी घेणाऱ्या आजी त्या एकाच रांगेत उभ्या राहतात. शिवाय गुडघ्यांच्या किंवा मोतीबिंदूच्या ओपीडीत येणारे बहुतेक साठीच्या पुढचेच असल्याने ज्येष्ठांची रांग हीच मोठी रांग ठरते. रांग वयाने लावायची की शक्तीने, हा प्रश्न आपल्याकडे अजून नीट विचारलाच गेलेला नाही. नव्या अभ्यासकाने इथे खुशाल हात घालावा.

आता रुग्णालयात जायचा तो दिवस. या क्षेत्रात मी कुठल्या एका गोष्टीचा आग्रह धरीन तर याचा, की अभ्यासाचे माप डॉक्टरसमोरची पाच मिनिटे हे नसून अंथरुणातून उठण्यापासून पुन्हा अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतचा अख्खा दिवस हे असावे. खरे तर तो आदल्या रात्रीच सुरू होतो. उद्या जायचे म्हणून आजोबा संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. सकाळची लघवीची गोळी चुकवतात, कारण वाटेत लागली तर करायचे काय. ती गोळी हृदयासाठी दिलेली असते, आणि तपासणीला जाण्यासाठी नेमकी तीच सुटते. मग डॉक्टर फुगलेले पाय पाहून गोळीचा डोस वाढवतात. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर चहाही नाही. मधुमेहाचा रुग्ण असेल आणि काउंटरवर तासभर गेला तर घाम सुटून चक्कर यायची वेळ येते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर त्याला नाव आहे, व्याख्या आहे. पण नंबर पुकारल्यावर गडबडीने उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तो उतरलेला रक्तदाब कोणी मोजत नाही, कारण मोजणी आत, बसवून होते.

फाटकापासून डॉक्टरच्या खोलीपर्यंतचे अंतर दोनशे मीटर धरा. सेकंदाला अर्धा मीटर चालणाऱ्याला न थांबता सुमारे सात मिनिटे लागतात, आणि तो न थांबता चालत नाही. केस पेपर एका खिडकीवर, पैसे दुसरीवर, सोनोग्राफी तळमजल्यावर, रिपोर्ट घ्यायला पुन्हा वर. तरुण माणूस या फेऱ्या मोजतसुद्धा नाही. व्हीलचेअर मागितली तर मिळते, पण ती ढकलणारे मामा दुसऱ्या कोणाला घेऊन गेलेले असतात. नाव पुकारले जाते तेव्हा कमी ऐकणाऱ्याला ते ऐकू येत नाही. पडद्यावर नंबर येतो तेव्हा मोतीबिंदूवाल्याला तो दिसत नाही. ‘डॉक्टर राउंडला गेलेत’ या वाक्याला वेळेची मर्यादा नसते. आणि संडास. या विषयावरच्या पुष्कळ लेखनात तो शब्दही येत नाही, इतके आपण सभ्य आहोत. कमोड आहे का, दार व्हीलचेअरसकट उघडते का, कडी आतून अडकली तर बाहेरून निघते का, यावर एखादी आजी पुढच्या फॉलोअपला येईल की नाही हे ठरते, आणि ती घरी कारण मात्र दुसरेच सांगते.

रांगांचे शास्त्र इथे मदतीला येईल असे वाटते, आणि थोडे येतेही. 1952 मध्ये वेल्च आणि बेली यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या अपॉइंटमेंटचा एक नियम मांडला: आरंभी दोन रुग्णांना एकाच वेळी बोलवावे, पुढच्या प्रत्येकाला तपासणीला लागणाऱ्या सरासरी वेळेच्या अंतराने. डॉक्टर रिकामा बसू नये आणि रुग्णही फार ताटकळू नये, असा तो तोल आहे. त्यानंतर या विषयावर फार हुशार गणित झाले. पण त्या समीकरणांत एका रुग्णाचे एक मिनिट दुसऱ्या रुग्णाच्या एका मिनिटाइतकेच धरलेले असते, आणि अशक्त वृद्धाच्या बाबतीत ते खरे नाही. पहिला अर्धा तास तो गप्पा मारतो, दुसऱ्यात कण्हतो. तिसऱ्यानंतर तो डॉक्टरला काय सांगायचे होते तेच विसरलेला असतो. ताटकळण्याची ही चढती किंमत कोणी मांडली तर गणितवाल्यांनाही नवे काम मिळेल.

खराडीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे इथले दोन प्रकारचे म्हातारपण. एक गावठाणातले: शेती होती, जमिनी गेल्या, बंगले झाले, पण शेजारी ओळखीचे आणि भाचा-पुतण्या हाकेच्या अंतरावर. दुसरे मुलांच्या मागून आलेले: ईऑन आयटी पार्कमध्ये किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी लातूरहून, अकोल्याहून, कधी विजयवाड्याहून किंवा पाटण्याहून आणलेले आईवडील. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर मागे राहिले आणि जुन्या फायली माळ्यावर. मुलाचे काम अमेरिकेच्या घड्याळाने चालत असेल तर सकाळच्या ओपीडीला तो झोपलेला आणि संध्याकाळच्या ओपीडीला कॉलवर. अपॉइंटमेंट ॲपवरून घ्यायची, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर, मुलगा मीटिंगमध्ये. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, ‘सोबत कोण आहे?’ बहुतेक वेळा सून असते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. नाहीतर ब्यूरोकडून आलेली मावशी, जिला औषधांची नावे ठाऊक नसतात पण रात्री किती वेळा उठावे लागले हे अचूक ठाऊक असते, आणि तिला ते कोणी विचारत नाही. सोबतीच्या माणसाच्या वेळेवर सगळी व्यवस्था उभी आहे आणि हिशेबात तो माणूस कुठेच धरलेला नाही. पेंचान्स्की आणि थॉमस यांनी 1981 मध्ये उपचार आवाक्यात येण्याचे पाच पैलू सांगितले: सेवा आहे का, पोचता येते का, तिची रीत आपल्याला जुळते का, परवडते का आणि मनाला पटते का. आपल्याकडे सहावा पैलू म्हणून सोबत धरावी लागेल, असे माझे मत आहे.

परवडण्याविषयी एकच मुद्दा, पण मोठा. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडीची फी, रिक्षा, बुडालेली रजा त्यात येत नाही. म्हणजे खाटेवर पडल्यावर सरकार उभे राहते, पडू नये म्हणून घालायच्या खेपा घराच्या खिशातून. मोफत किंवा स्वस्तात तज्ज्ञ हवा असेल तर खराडीकराला दहा-एक किलोमीटरवरचे ससून हे सरकारी रुग्णालय गाठावे लागते. मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, स्थानकांना लिफ्ट आहेत, आणि पुणे रेल्वे स्टेशनपाशी उतरले की ससून जवळच. पण रामवाडीपर्यंतचे पहिले तीन-चार किलोमीटर नगर रस्त्याचे आहेत, आणि तिथे काठी घेऊन रस्ता ओलांडणे काय असते हे बायपासच्या चौकात उभे राहून पाहावे.

या विषयाला आपल्याकडे पूर्वपीठिका नाही असे समजू नये. खराडीवरून नगर रस्त्याने पुढे गेले की कोरेगाव भीमा लागते आणि तिथून आत वढू बुद्रुक. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र तिथल्या गावांचा आरोग्यविषयक मागोवा 2002 पासून घेत आले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धत्वावरच्या अभ्यासात पन्नाशीपुढचे वढूकर सामील होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या वृद्धत्वावरच्या ‘लासी’ पाहणीत देशभरातले पंचेचाळिशीपुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून बहात्तर हजारांवर लोक आहेत. शरच्चंद्र गोखले यांनी पुण्यात उभे केलेले दीर्घायुष्य केंद्र आहे, ‘फेस्कॉम’ या महासंघाशी जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. आणि मूळ शोधायचेच तर 1935 मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन यांना वर्षानुवर्षे अंथरुणावर ठेवलेले शेकडो म्हातारे दिसले, तिथवर जावे. त्यांनी एकेकाला तपासून उठवले, चालवले, कित्येकांना घरी पाठवले. वृद्धांचे वैद्यक तिथून सुरू झाले असे मानतात.

सगळ्यांत अवघड भाग न येणाऱ्यांचा. रुग्णालयाच्या नोंदीत आलेला माणूस असतो. न आलेल्याच्या जागी पुढचे टोकन सरकते आणि खूण उरत नाही. ओपीडीत बसून केलेली पाहणी कितीही काटेकोर असली तरी ती पोचू शकलेल्यांचीच. ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन विचारले तरी तेच, कारण सभेला येणारे चालते-फिरते. म्हणून सोसायटीचा वॉचमन, लिफ्टशेजारचे औषधांचे दुकान, घरी रक्त घ्यायला जाणारा मुलगा यांच्याकडून सुरुवात करावी. कोणत्या घरातले माणूस वर्षभर खाली उतरलेले नाही, हे त्यांना माहीत असते. त्या घरी मात्र परवानगीनेच जावे.

उपायांविषयी इथे फार बोलत नाही. 25 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी दूरध्वनीवरच्या सल्ल्याला रीतसर आधार दिला आणि नुसता रिपोर्ट दाखवायची खेप त्याने वाचते. उभे राहिल्यावरचा रक्तदाब मात्र त्याने कळत नाही. माझा कल आणखी एका गोष्टीकडे आहे: खेपा कमी करणे. हृदय, मूत्रपिंड आणि डोळे यांचे तीन डॉक्टर तीन वारी बोलावतात ते एका वारी का नको, आणि त्यांतली एखादी खेप मुळात हवीच का, हे विचारायला ना ॲप लागते ना रॅम्प. ते विचारण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर अजून कोणाजवळ नाही.

क्षेत्रकार्याला निघणाऱ्यासाठी शेवटी एक व्यवहाराची सूचना. रुग्ण घरी परतला की नोंदवही मिटू नये. दुसऱ्या दिवशी फोन करावा. जेवण कितीला झाले, रात्री झोप लागली का, नवीन औषध आणले का, जुने बंद करायला सांगितले होते ते घरच्यांना कळले का, आणि चुकवलेली लघवीची गोळी पुन्हा सुरू झाली का, हे विचारून तारखेसह लिहून घ्यावे.